गिटारचं आतलं वायरिंग बदलायचंय, पॉट, स्विच, जॅक, कॅपॅसिटर कुठले घेऊ? (ठाणे)

वर्तकनगर_सहा_तारा

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. माझ्याकडे स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची एक इलेक्ट्रिक गिटार आहे, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) तीन, ब्रिजला दोन कॉइलचा हंबकर आणि मधे-नेकला सिंगल कॉइल, म्हणजे एचएसएस. २०१९ ला पहिल्या बोनसमधून घेतलेली, त्यामुळे ही विकून दुसरी घे असं कृपया कुणी सांगू नका, नाही विकणार. लाकूड छान आहे, नेक हाताला बसलाय, ट्यूनिंग धरते. रडगाणं सगळं आतल्या मालाचं आहे, म्हणजे पॉट (नॉबखालचे फिरणारे रेझिस्टर), स्विच, जॅक (केबल लागते ती जागा). व्हॉल्यूम फिरवला की खरखर, दहावरून सातवर आणला की आवाज एकदम गढूळ होतो, गोधडीखाली ठेवून वाजवल्यासारखा, स्विच दुसऱ्या नंबरला कधी लागतो कधी नाही, आणि केबलला जरा धक्का लागला की आवाज गायब. शिवाय घरी वाजवताना सतत घूंऽऽ चालू असतं ते वेगळंच.

एका दुकानात दाखवली तर ते म्हणाले पिकअपसकट सगळंच बदलून टाका, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून गुपचूप घरी आलो. आता बाहेरून तयार वायरिंग किट मागवायचा विचार आहे, पण त्यात २५० के (किलोओहम), ५०० के, लॉग, लिनियर, ऑरेंज ड्रॉप, पेपर इन ऑइल असं काय काय लिहिलेलं असतं आणि प्रत्येक जण म्हणतो आमचंच भारी. सोल्डरिंग कॉलेजला केलंय, हात अगदीच कच्चा नाही. पैसे एकदाच घालायचेत पण योग्य जागी घालायचेत. सांगा.

कोपरी_जुना_कॉर्ड

बाळा, आधी एक पैसाही खर्च करू नकोस. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हापासून गिटारी उघडतोय, आणि दहातल्या सात वेळा पिकअपचा काही दोष नसतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि तांब्याची तार, त्यात झिजण्यासारखं फारसं काही नाही. झिजतं ते जे हलतं ते: जॅक, स्विच, पॉट. त्याच क्रमाने.

आता गिटार न उघडता एक काम कर. केबल गिटारला लाव, दुसरं टोक अ‍ॅम्पला न लावता हातात घे. मल्टिमीटर २० के ओहमवर ठेव, एक कांडी प्लगच्या टोकाला, दुसरी त्याच्या बाहेरच्या नळीला. व्हॉल्यूम-टोन दहावर. आता स्विच एकेक जागी टाकून आकडा लिहून घे. सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते सात के दाखवेल, हंबकर साडेसात-आठच्या पुढे. आकडा स्थिर असेल तर पिकअप ठणठणीत आहे, विषय संपला. मीटर लावलेलाच ठेवून केबल हलव, आकडा उड्या मारू लागला तर जॅक नाहीतर केबल. केबल बदलून परत बघ. मग स्विच हलव, मग मीटर २०० केवर नेऊन व्हॉल्यूम हळूहळू फिरव. कुठे आकडा तुटतो ते आपोआप कळेल. दहा मिनिटांचं काम आहे, करून इथे लिही, मग पुढचं सांगतो.

घोडबंदर_ड्रॉप_डी

काकांशी सहमत पण मी म्हणेन एवढं उघडतोच आहेस तर कॅपॅसिटर पेपर इन ऑइल टाक. मी टाकलाय, आवाजात गोडवा आला, मिड्स (मधले सूर) उघडले. महाग आहे पण एकदाच.

नेरूळ_ओहम

ड्रॉप डी, वाद घालायचा म्हणून नाही, पण नवीन माणूस वाचतोय म्हणून सविस्तर लिहिते. टोनच्या कॅपॅसिटरमध्ये महत्त्वाची असते ती व्हॅल्यू. ०.०२२ मायक्रोफॅरड टाकला की एका जागेपासून वरचे सूर कापले जातात, ०.०४७ टाकला की त्याच्याही खालून. टोन दहावर असताना तर तो कॅप अख्ख्या पॉटच्या मागे उभा असतो, त्याचं फार काही चालतच नाही. तुझा जुना कॅप काढून मोजला होतास का? स्वस्त सिरॅमिकवर छापलेली व्हॅल्यू आणि खरी व्हॅल्यू यात बराच फरक असू शकतो, त्यामुळे बदलल्यावर आवाज बदलला हे तुझं खरंच असेल, पण ती करामत व्हॅल्यूची, तेलाची नव्हे.

आणि पिकअपमधून येणारा व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमीच, तिथे ६०० व्होल्टचा जाडजूड ऑरेंज ड्रॉप वाईट नाही, पण गरजेचाही नाही. १०० व्होल्टचा साधा पॉलिएस्टर फिल्म घ्यायचा, वर २२३ लिहिलेलं असेल तर ०.०२२, ४७३ असेल तर ०.०४७. किंमत चहा-वडापावच्या आत. वाचलेले पैसे स्विचवर घाला, तिथे ते दिसतात.

आता मुख्य प्रश्न, २५० की ५००. पॉट हा पिकअपवरचा भार असतो. के जितके कमी तितका भार जास्त आणि वरचे सूर तितके जमिनीत (ग्राउंडला) जातात. सिंगल कॉइल मुळातच चमकदार, म्हणून तिला २५० के लावून थोडी मऊ करतात. हंबकर जाडसर आवाजाचा, त्याला ५०० के लावून मोकळा करतात. आणि टोनचा पॉटही याच भारात धरायचा बरं का, व्हॉल्यूम २५० आणि टोन २५० म्हणजे वरच्या सुरांना दोन्ही मिळून १२५ केच दिसतात. लोक फक्त व्हॉल्यूम बदलतात आणि म्हणतात फरक कमीच पडला, त्याचं कारण हे.

एचएसएसला मग गोची होते. २५० टाकला तर हंबकर गुदमरतो, ५०० टाकला तर नेक-मिडल कानाला टोचतात. यावर एक छान उपाय आहे पण तो तुझे आकडे आल्यावर सांगते.

घोडबंदर_ड्रॉप_डी

नव्हता मोजला ताई. जुना अजून डब्यात आहे, मोजून सांगतो.

वर्तकनगर_सहा_तारा

मोजलं! नेक ५.८, मिडल ५.९, ब्रिज ८.१. तिन्ही स्थिर. केबल हलवल्यावर आकडा नाचतो, दुसऱ्या केबलनेही तसंच, म्हणजे जॅकच ना? स्विच दुसऱ्या जागी अर्धवट, हलका दाबून धरला तर लागतो. व्हॉल्यूम फिरवताना सात ते पाचच्या मधे आकडा पार सैरभैर. म्हणजे पिकअप वाचले, तेवढ्यानेच इतकं बरं वाटतंय की काय सांगू. काका, खरंच आभार.

मग पिकगार्ड (वरची प्लास्टिकची प्लेट) पण उघडलं. आत छोटे पॉट आहेत, अंदाजे १६ मिमी, मागे बी ५०० के लिहिलंय, तिन्हींवर. स्विच प्लास्टिकच्या बंद डबीसारखा आहे. लाकडातली खाच मोजली, पिकगार्डपासून तळापर्यंत ४० मिमी भरली.

कोपरी_जुना_कॉर्ड

शाब्बास. हो, जॅकच. आतली जी वाकडी पट्टी प्लगच्या टोकाला दाबून धरते तिची ताकद गेली की असं होतं. पट्टी जरा आत वाकवून काही महिने निघतात, पण नवाच टाक आणि स्विचक्राफ्टचाच टाक. संपूर्ण गिटारमध्ये एकच वस्तू चांगली घेता येत असेल तर ती जॅक घे असं मी पोरांना सांगतो, कारण तो गेला की तू स्टेजवर नुसता उभा. बसवताना वरचा नट आवळताना आतून जॅक पकडून ठेव. लोक बाहेरूनच पाना फिरवतात, आत जॅक गोल फिरतो, वायर पिळते आणि महिन्याभरात तुटते.

स्विचबद्दल. डबीवाला स्विच आतून दिसत नाही, साफही नीट होत नाही. ओक ग्रिग्सबी किंवा सीआरएल कंपनीचा घेतलास तर पात्या उघड्या असतात, डोळ्यांना दिसतं कुठे काय लागतंय ते. पण ते उंच असतात, म्हणून खाच मोजलीस ते फार बरं केलंस. ४० मिमीत आरामात बसेल. उथळ खाचेत तो तळाला टेकतो आणि पिकगार्ड वर राहतं, मी स्वतः एकाचं तसं करून बसलोय, मग लाकूड कोरावं लागलं.

तुझ्या दुसऱ्या नंबरवरून आठवलं. १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिला तीनच जागांचा स्विच होता. लोक तो दोन जागांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे, आणि तोच आवाज इतका आवडला की पुढे १९७७ पासून कंपनीनेच पाच जागांचा द्यायला सुरुवात केली. म्हणजे तुझा जो नंबर बिघडलाय तो वाजवणाऱ्यांनी हट्टाने मिळवलेला आवाज आहे, तो नीट लागलाच पाहिजे.

नेरूळ_ओहम

बी ५०० के! मग व्हॉल्यूमचं अर्धं उत्तर मिळालं. हल्लीच्या आशियाई पॉटवर ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. आपला कान लॉगसारखा ऐकतो, त्यामुळे व्हॉल्यूमला ए घे, म्हणजे नॉब फिरेल तसा आवाज सारखा उतरेल. लिनियरला दहा ते तीन फारसं काही होत नाही आणि मग एकदम धपकन पडतो. काहींना लिनियर आवडतो, पण तुला नको.

छापलेल्यावर विश्वास ठेवू नकोस, दुकानातच मीटर लाव. दोन बाहेरच्या पायांमध्ये पूर्ण व्हॅल्यू. मग नॉब बरोबर मधे ठेवून मधला पाय आणि शून्याकडचा पाय मोज. लिनियर असेल तर निम्मी व्हॅल्यू येईल, लॉग असेल तर जेमतेम दहा-पंधरा टक्के. पॉटमध्ये वीस टक्के इकडेतिकडे सर्रास चालतं, म्हणजे ५०० लिहिलेला ४०० पण निघतो आणि ६०० पण. म्हणून दोनच्या जागी चार मोजून त्यातले निवडायचे. महाग ब्रँड घेऊन न मोजण्यापेक्षा मध्यम घेऊन मोजलेला बरा, हे मी अनुभवाने सांगते.

सातवर आवाज गढूळ होतो तो मात्र पॉटचा दोष नाही, स्वभाव आहे. व्हॉल्यूम खाली आणला की पिकअप आणि केबल यांच्यामधे पॉटचा रोध येऊन बसतो, आणि केबल स्वतःच एक कॅपॅसिटर असते, साधारण मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात. सहा मीटरची केबल म्हणजे ६०० झाले. दोघं मिळून वरचे सूर खातात. उपाय, व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायामधे १००० पिकोफॅरडचा कॅप, म्हणजे १०२ लिहिलेला, आणि त्याला समांतर १५० केचा रेझिस्टर. याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. दोन्ही मिळून नखाएवढं काम आहे पण व्हॉल्यूम नॉब खऱ्या अर्थाने वापरता येतो.

आता तो एचएसएसचा उपाय. व्हॉल्यूम ५०० ठेव. पाच जागांच्या पात्याच्या स्विचला दोन बाजू असतात. एक बाजू पिकअप निवडते. दुसरी सहसा टोनसाठी वापरतात. तू टोन मास्टर कर, म्हणजे एकच टोन सगळ्यांना, तर दुसरी बाजू मोकळी होते. तिथून नेक आणि मिडलच्या जागांना ४७० केचा रेझिस्टर जमिनीला जोड. मग सिंगल कॉइलवर असताना ५०० आणि ४७० समांतर होऊन सुमारे २४० के दिसतात, आणि ब्रिजला गेलास की रेझिस्टर आपोआप सुटतो, हंबकरला पूर्ण ५०० मिळतात. दोघंही खूश.

ऐरोली_लोकल

सगळे पॉट-कॅपवर बोलताय, घूं आवाजाचं कुणी बोलत नाही म्हणून मी. तारांना हात लावल्यावर घूं कमी होतं का? कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे, फक्त खाचेला शील्डिंग (धातूचं आवरण) नाही. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजची वायर सुटलीय. मी गोंदवाली तांब्याची पट्टी लावली खाचेच्या आत सगळीकडे, पट्टीवर पट्टी थोडी चढवून, सांध्यांना सोल्डरचा एकेक ठिपका, आणि पिकगार्डच्या मागे पण, दोन्ही एकमेकांना टेकतील अशा. एक वायर व्हॉल्यूमच्या पाठीला. अर्ध्याहून जास्त फरक पडला.

पण खरं सांगायचं तर माझ्याकडे निम्मा आवाज गिटारचा नव्हताच. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर! तो दोन-तीनवर असला की कर्रर्र, पूर्ण पाचवर किंवा बंद केला की शांत. आधी खोलीतलं एकेक बंद करून बघ. आणि एक विनंती, घूं घालवायला अ‍ॅम्पची अर्थिंगची तिसरी पिन कुणी काढू नका, जुन्या इमारतीत दोन पिनच्या बोर्डावर पण अ‍ॅम्प लावू नका. तारा हातात असतात, त्या अर्थला जोडलेल्या असतात, अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं तर थेट जिवावर येतं.

वर्तकनगर_सहा_तारा

रेग्युलेटर!! दादा, आत्ता करून बघितलं, पंखा बंद केल्यावर जो उरला तो अगदीच सौम्य आहे. दोन वर्षं मी पिकअपला शिव्या देत होतो. तारांना हात लावला की उरलेलंही कमी होतं, म्हणजे अर्थ वायर ठीक.

शनिवारी लॅमिंग्टनला (मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाईन म्हणतोय. सीटीएसचे पॉट एका ओळखीच्याकडे आहेत, ते माझ्या भोकात बसतील का?

कोपरी_जुना_कॉर्ड

सरळ नाही बसणार. सीटीएसचा गळा तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिमीचं भोक लागतं. तुझे छोटे पॉट सात-आठ मिमीच्या भोकात असतील. रीमरने हळूहळू मोठं कर, नाहीतर गोल कानस. ड्रिल अजिबात नको, प्लास्टिक तडकतं, आणि तो आवाज ऐकून जीव जातो. जॅकच्या भोकालाही तेच माप, फक्त तिथे बहुतेक आधीच बरोबर असतं.

दुसरं नॉब. तुझे नॉब १८ दात्यांच्या दांड्याचे असतील, सीटीएसच्या मधे चीर असलेल्या दांड्याला २४ बारीक दाते असतात. ठोकून बसवू नकोस, नॉब फुटतो. एक तर नॉब बदल, नाहीतर सरळ अल्फाचे चांगले पॉट घे, तुझ्या भोकात, तुझ्या नॉबला बसतील. मी मागची पाच-सहा कामं अल्फावरच केलीत आणि एकही परत आली नाही. मोठ्या पॉटचा स्पर्श जरा जड, रुबाबदार असतो, एवढं कबूल.

वर्तकनगर_सहा_तारा

जाऊन आलो. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. पहिल्या दोन दुकानांत पॉट मागितला की लिनियरच पुढे करत होते, लॉग म्हटल्यावर खालच्या खणातून धुळीचा पुडा निघाला. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते, मीटर बाहेर काढलं तर रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी स्वतःच स्टूल पुढे केलं आणि म्हणाले बसा आरामात मोजा. सहा ए ५०० के मोजले: ४३८, ४६१, ४९७, ५०९, ४४५, ५२२. व्हॉल्यूमला ५०९ आणि टोनला ४९७ घेतला. मधे ठेवून मोजल्यावर ५०९ वाला ६१ दाखवत होता, म्हणजे लॉग नक्की. २२३ चे दोन, १०२ चे दोन, १५० के आणि ४७० के रेझिस्टर, तांब्याची पट्टी, ६०/४० ची सोल्डर वायर. स्विचक्राफ्ट जॅक आणि ओक ग्रिग्सबी स्विच ऑनलाइन मागवलेत. दुकानात जो आकडा ऐकला होता त्याच्या पाव भागातसुद्धा सगळं बसलं.

ताई, माझी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॉटची आहे, पॉटच्या पाठीला चालेल का?

नेरूळ_ओहम

पायांना चालेल, पाठीला नाही. पाठीचा पत्रा उष्णता पिऊन टाकतो, तू दहा-पंधरा सेकंद धरून बसतोस, डाग थंडच राहतो आणि आतला कार्बनचा थर मात्र भाजतो. ६० वॉटची घे, जाड छिन्नीसारखं टोक. पाठ पॉलिश पेपरने घासून चकचकीत कर, आधी पत्र्याला कथलाचा डाग दे, वायरच्या टोकाला वेगळा दे, मग दोन्ही एकत्र आणून तीन-चार सेकंद. चकाकता, पसरलेला डाग आला पाहिजे, मोत्यासारखा गोळा आला तर तो धरला नाही, परत कर. फ्लक्स रोझिनचाच, पत्र्याच्या कामाचा आम्लाचा अजिबात नाही, आपल्या दमट हवेत तो वायर खाऊन टाकतो. खिडकी उघडी ठेव, नंतर हात साबणाने धू, शिसं असतं त्यात. आणि उघडण्याआधी जुन्या वायरिंगचे चार कोनांतून फोटो काढून ठेव.

घोडबंदर_ड्रॉप_डी

जुना कॅप मोजला. छापलंय ४७३, निघाला ०.०३१. ताई बरोबर होत्या. नवा तेलवाला ०.०२२ चा आहे, म्हणजे मी व्हॅल्यूच बदलली होती.

वर्तकनगर_सहा_तारा

झालं मंडळी. काल रात्री साडेनऊला बसलो ते दीड वाजला. पहिल्यांदा जोडल्यावर आवाजच नाही, पोटात गोळा आला. मग काकांची युक्ती, केबलच्या टोकाला मीटर, शून्य दाखवतोय. जॅकची टोकाची पट्टी खाचेतल्या तांब्याच्या पट्टीला टेकत होती. तिथे इन्सुलेशन टेप लावली आणि आला.

व्हॉल्यूम आता दहा ते दोनपर्यंत पाण्यासारखा उतरतो. पाचवर पण ट्रेबल जिवंत आहे, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटवणारा इफेक्ट) चालू ठेवून नुसत्या व्हॉल्यूमने आवाज स्वच्छ करता येतो, हे मी आजवर फक्त ऐकलं होतं. ब्रिजचा हंबकर मोकळा झाला. दुसरा नंबर खट्कन लागतो. आणि वाजवणं थांबवलं की खरंच शांतता, इतकी की बाहेरचा रिक्षाचा आवाज आला.

एकच राहिलं. ४७० केचा रेझिस्टर चौथ्या जागेला, म्हणजे नेक-मिडलला लागतोय, पण दुसऱ्या जागेला, ब्रिज-मिडलला, पण लागतोय. तिथे हंबकर परत थोडा दबतो का?

नेरूळ_ओहम

हो लागणारच, कारण दुसऱ्या जागेला स्विच मिडलचा पायही धरतो. मिडलच्या पायावरची वायर काढ, फक्त नेकला ठेव. मग दुसऱ्या जागेला पूर्ण ५०० मिळतील, चौथ्याला नेकमुळे रेझिस्टर राहीलच. एकटा मिडल थोडा चमकदार वाजेल, तो टोन आठवर आणून भागतो. दोन्ही करून ऐक, जे कानाला पटेल ते ठेव. मी रविवारी ठाण्यात आहे, तलावपाळीजवळ बहिणीकडे. गिटार घेऊन आलास तर मलाही ऐकायचीय.

कोपरी_जुना_कॉर्ड

मी पण येतो. इस्त्री माझी ६० ची घेऊन येतो.